नावाचा अर्थ शोधताय? आधी भाषा ठरवा, कोश नंतर उघडा

बारशाच्या आदल्या रात्री फोन येतो. बहुतेक वेळा मुंबईहून. "काका, आरव म्हणजे शांत ना? पत्रिका छापून झाल्यात." तोवर आत्याने कुंची शिवून ठेवलेली असते, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेले असतात. या वेळी मी काय सांगणार? छान नाव आहे म्हणतो आणि फोन ठेवतो. पण शांत? छे. त्याचं खरं काय ते पाचव्या टप्प्यात येईलच.

मी मालवण तालुक्यातला, शाळेत संस्कृत शिकवायचो. त्यामुळे वाडीतले, पावण्यांतले आणि पावण्यांच्या ओळखीचेही नावं विचारायला येतात. सगळ्यांची चूक एकच: क्रमाची. मोबाईलवर रोमन अक्षरांत नाव टाकायचं, पहिल्या ओळीत दिसेल तो अर्थ उचलायचा, आणि नाव कुठल्या भाषेतलं आहे हे विचारायचंच नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेत त्याच क्रमाने करा. सहावा सोडून मधला एखादा गाळलात तर पुढचं सगळं वाकडं जातं.

तयारी

एक वही घ्या आणि प्रत्येक नावाला एक पान द्या. पानावर पाच रकाने पाडा: लिहायचं रूप, कुणी ठेवलं, भाषा, फोड, अर्थ. अर्थाचा रकाना मुद्दाम शेवटी आहे.

कोश घरात नसले तरी अडत नाही. मराठीसाठी मोल्सवर्थ (१८५७ची दुसरी आवृत्ती), संस्कृतसाठी आपटे किंवा मोनियर-विल्यम्स (१८९९), फारसीसाठी स्टाइनगास (१८९२). मोल्सवर्थ आणि स्टाइनगास शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात, आपटे आणि मोनियर-विल्यम्स जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या. ज्यांना इंग्रजी कोशांचा कंटाळा आहे त्यांनी ग्रंथालयात माधव जूलियन यांचा १९२५चा फार्सी-मराठी कोश मागावा. अरबीसाठी हान्स वेर यांचा कोश आहे, पण त्यात शब्द धातूखाली लावलेले असतात. धातू कसा काढायचा ते चौथ्या टप्प्यात सांगतो.

सावधान: बाळांच्या नावांची संकेतस्थळं नावं सुचण्यापुरती ठीक आहेत. अर्थाचा पुरावा म्हणून ती धरू नका. एकाने लिहिलेलं दहाजण उतरवून घेतात, आणि दहा ठिकाणी दिसलं म्हणजे खरं असणार असं आपल्याला वाटतं.

टप्पा १: नावाचं रूप पक्कं करा

नाव ज्याचं आहे त्याच्या, किंवा त्याच्या घरच्यांच्या, तोंडून ऐका आणि देवनागरीत लिहून घ्या. रोमन लिपीत राम आणि रमा सारखेच दिसतात. देवनागरीत ते वेगळे होतात, पण तिथेही ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावं लागतं. दिनेश म्हणजे दिन अधिक ईश, दिवसाचा स्वामी, सूर्य. तोच दीनेश लिहिलात तर दीनांचा, गरिबांचा स्वामी झाला. दोन्ही चांगलेच, पण नावं दोन. अरबीतही तेच: हामिद म्हणजे स्तुती करणारा, हमीद म्हणजे स्तुतीला पात्र.

देवनागरी पुरत नाही असेही प्रसंग येतात. लहानपणी हर्णैला वर्गात कमर नावाचा मुलगा होता. आम्ही त्याला 'कंबर' म्हणून चिडवायचो. एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो असताना माझ्या तोंडून तेच निघालं. त्याची आई भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "घशातून म्हण, क़मर. तो चाँद आहे." तेव्हा कळलं. अरबी क़मर म्हणजे चंद्र, आणि आपली कंबर जिच्याशी जुळते ती फारसी कमर वेगळी. मराठीत दोन्हींना एकच क.

रेवदंड्याजवळ कोर्लईला किंवा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती घरांत जुने कागद बघत असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. पोर्तुगीज लिखाणात एक्सचा उच्चार बहुतेक ठिकाणी 'श' होतो. इंग्रजीत झेवियर वाचतो तो तिकडे शावियेर आहे. हे नाव मुळात बास्क भाषेतलं, गावाचं, अर्थ 'नवं घर'. म्हणजे आपल्याकडचे नवघरेच म्हणा.

तपासा: लिहिलेलं रूप घरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. तो 'असंच' म्हणाला तर पुढे चला.

टप्पा २: हाकेचं नाव आणि खरं नाव वेगळं करा

कोकणात माणसाचं नाव एक नसतंच. पत्रिकेत राशीचं, शाळेत कागदावरचं, आणि पाणंदीतून हाक मारतात ते तिसरंच. आज्जीच्या बाबतीत चौथं, कारण लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सासरचं नाव लिहिलं जायचं. तिचा अर्थ शोधायचा तर विचारा: माहेरचं की सासरचं?

हाकेच्या नावावरून अर्थ काढू नका, आधी पूर्ण रूपाकडे जा. पांडगो हा पांडुरंग, म्हादू हा महादेव, परशा हा परशुराम. रखमा हे नाव घ्या. राख, रखरख, काहीही सुचतं. पण रखमा म्हणजे रुक्मिणी, आणि संस्कृतात रुक्म म्हणजे सोनं.

राशीच्या अक्षराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. चरणाक्षर ही कालगणनेची खूण आहे, तिला अर्थ नाही. अश्विनीला चू, चे, चो, ला. हस्त नक्षत्राच्या चरणात ण आला की लोक ण वरून नाव शोधत बसतात आणि नसलेला शब्द तयार करतात. पत्रिकेत अक्षर ठेवा, व्यवहारात हवं ते नाव ठेवा. जुने लोक तसंच करत.

टप्पा ३: भाषा ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई नको.

पहिली चूक म्हणजे घरचा धर्म बघून भाषा ठरवणं. दौलतराव, फत्तेसिंह, गुलाबराव ही अस्सल मराठी घरांतली नावं. पण दौलत आणि फत्ते अरबीतून आलेत, आणि गुलाब फारसी: गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. मुळात तो शब्द गुलाबपाण्याचा, आपल्याकडे येऊन फुलाचा झाला. जवाहर हे अरबी अनेकवचन, रत्नं.

उलट बाजूने बघा. सामाजी हसाजी दिवेकर. वाचून कोण वाटतं? दिवेआगरकडचं आडनाव, 'जी' लावलेली दोन मराठी नावं, कुणी सामवेदाशी सुद्धा जोडेल. पण हे बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजातले सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांनी १७९६मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं. सामाजी हा सॅम्युएल आणि हसाजी हा इझिकेल, दोन्ही हिब्रू. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यातली जुनी नावं तपासताना शेवटच्या 'जी'वर कधीच भरवसा ठेवू नका.

दुसरी चूक: आवाज सारखा म्हणजे शब्द तोच. समीर घ्या. संस्कृतात समीर म्हणजे वारा. अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत बसणारा. दोन्ही शब्द आपापल्या भाषेत जुने, एकमेकांशी काही संबंध नाही. मग तुमच्या समीरचा अर्थ कोणता? ज्याने नाव ठेवलं त्याच्या मनात जी भाषा होती, तिच्यातला. म्हणून वहीत 'कुणी ठेवलं' हा रकाना.

अंबर तर आमच्या किनाऱ्याचंच उदाहरण. संस्कृतात अंबर म्हणजे आकाश, आणि वस्त्रही. पीतांबरातलं अंबर ते. पण अहमदनगरच्या मलिक अंबराच्या नावात आकाश नाही. तो अरबी अंबर, स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या पोटात तयार होणारा सुगंधी पदार्थ. त्यालाच इथे 'देवमाशाची उलटी' म्हणतात. विकायला निघालेले लोक पकडले गेल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात अधूनमधून असतात, कारण वन्यजीव कायद्याने हा व्यापार बंद आहे. अंबर नावाच्या दोन मुली एकाच वर्गात असतील, एक आकाश आणि एक सुगंध. हजेरीत फरक दिसणार नाही.

भाषा ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात:

घ, ध, भ, ढ हे महाप्राण अरबी-फारसीत नाहीत. नावात ते असले तर शब्द बहुधा इकडचाच. ण आणि ष दिसले तर संस्कृतकडे बघा. ळ दिसला तर मराठी. ख़, ग़, ज़, फ़ हे उच्चार संस्कृतात नाहीत.

सावधान: झ ला या यादीत मी मुद्दाम घेतलं नाही. मराठीत ज़ साठी झ लिहायची सवय आहे: झुबेर, झरीना. एका बाईंनी मला झरीनाचा अर्थ 'झऱ्यासारखी' असा सांगितला होता. गोड आहे, पण चुकीचा. फारसी ज़र म्हणजे सोनं, झरीना म्हणजे सोन्याची. पैठणीच्या काठात जी जर असते, तीच ही.

मोहोर-मोहर जोडीत गुंता आणखी वाढतो. फेब्रुवारीत हापूसवर येतो तो मोहोर, काही जण मोहर लिहितात. सोन्याची मोहर मात्र फारसी, शिक्का मारलेली. देवगडातल्या कलमवाल्याने मुलीचं नाव मोहर ठेवलं असेल तर कोश न उघडताही भाषा कळते. सोनाराने ठेवलं असेल तर विचारा.

तपासा: भाषेच्या रकान्यात दोन शक्यता राहिल्या असतील तर दोन्ही लिहा. एक खोडून टाकायची घाई इथे करू नका.

टप्पा ४: नावाची फोड करा

भाषा कळल्याशिवाय नाव तोडू नका, कारण प्रत्येक भाषेचे सांधे वेगळे.

संस्कृत नाव असेल तर संधी सोडवा. रमेश म्हणजे रमा अधिक ईश, लक्ष्मीचा पती. राम यात कुठेच नाही. सुरेश म्हणजे सुर अधिक ईश, देवांचा राजा इंद्र. 'सुरांचा राजा' म्हणून गाणाऱ्या घरातल्या मुलाचं नाव सुरेश ठेवलेलं मी पाहिलंय. पण गाण्यातला सूर स्वरापासून आला, त्याचा ऊ दीर्घ. रामेश्वराची फोड मात्र दोन्ही बाजूंनी होते: रामाचा ईश्वर, किंवा राम ज्याचा ईश्वर तो. आचऱ्याच्या देवळात बसून यावर वाद घालणारे म्हातारे मी ऐकलेत, आणि व्याकरण दोघांच्याही बाजूने असतं.

अरबी नाव जोडनाव असेल तर तुकडा चुकीच्या जागी पडतो. अब्द म्हणजे सेवक, उल् मधला ल् म्हणजे पुढच्या शब्दाला लागणारा निर्देशक 'अल', इंग्रजीतल्या 'द'सारखा. अब्दुल रहमान म्हणजे दयाळूचा, म्हणजे परमेश्वराचा, सेवक. नुसतं अब्दुल म्हटलं की वाक्य अर्धं राहतं: '...चा सेवक'. कुणाचा? आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर सर्रास अब्दुल एवढंच पहिलं नाव म्हणून टाकतात आणि रहमानला बापाच्या रकान्यात ढकलतात.

एकेरी अरबी नाव असेल तर त्यातली तीन मूळ व्यंजनं काढा. ह, म, द ही घ्या. महंमद, अहमद, महमूद, हमीद, हामिद ही सगळी त्याच धातूची, 'स्तुती'. कोशात एकदा ते पान सापडलं की पाच नावांचं काम एका बैठकीत होतं. स, ल, म घेतलं तर सलीम, सलमा, सलाम. हिब्रूतला शालोम हा त्यांचा सख्खा भाऊ, आणि सुलेमान म्हणजेच सॉलोमन त्याच घरातला.

टप्पा ५: आता कोश उघडा, आणि पूर्ण नोंद वाचा

आता आरव. संकेतस्थळांवर अर्थ दिलेला असतो: शांत, सौम्य. संस्कृत कोशात आरव म्हणजे आवाज, ओरडा, गर्जना. रव म्हणजे ध्वनी, त्याला आ जोडला. पण कोशाची तरी काय गरज? आमच्या धाकट्या काकीला पुतण्याच्या मुलाचं नाव सांगितलं तेव्हा ती चुलीपाशी होती. वळून म्हणाली, "आरव? म्हंजे कोंबो आरवता, ता?" अगदी तेच. पहाटे कोंबडा आरवतो, तेच क्रियापद. जन्मल्यापासून त्या पोराने रात्री कुणाला झोपू दिलं नाही, तेव्हा नाव शोभलंच म्हणायचं.

दुसरं, कियारा. इटालियनमध्ये या उच्चाराचं नाव आहे, अर्थ स्वच्छ, तेजस्वी. रोमनमध्ये जवळपास तसंच दिसणारं आयरिश नाव मात्र 'काळ्या केसांची' असा अर्थ देतं आणि त्याचा उच्चार कीरा होतो. फोनवर शोधलं की एकाच पानावर 'तेजस्वी' आणि 'काळी' दोन्ही येतात, आणि आई-बाप गोंधळतात. पहिला टप्पा नीट केला असता तर गोंधळ झालाच नसता: उच्चार कियारा, म्हणजे इटालियन.

मायराचा अर्थ शोधून थकलेल्यांसाठी: इंग्रजीतलं हे नाव सोळाव्या शतकातल्या फुल्क ग्रेव्हिल या कवीने कवितेसाठी बनवलेलं आहे. राजस्थानात मायरा म्हणजे भाच्याच्या किंवा भाचीच्या लग्नात मामाने आणलेला आहेर, तो शब्द निराळा. बनवलेल्या नावाला 'बनवलेलं' असं लिहायला लाजू नका. आई-बापाच्या नावांची अक्षरं जोडून केलेल्या नावालाही तेच लागू. त्याला ओढूनताणून संस्कृत अर्थ चिकटवणं ही चूक.

तपासा: नाव मुलाचं की मुलीचं हेही मूळ भाषेत बघा. आपल्याकडे वान्या मुलीचं नाव म्हणून ठेवतात. रशियात वान्या हे इव्हानचं लाडाचं रूप, म्हणजे मुलगा. अनिल आणि अनल यांत एका वेलांटीचा फरक, पण पहिला वारा आणि दुसरा अग्नी.

टप्पा ६: दुसऱ्या भाषेतलं साम्य: नातं की योगायोग?

हा टप्पा हौसेचा आहे, वेळ नसेल तर सोडा. संस्कृत तारा, फारसी सितारा आणि इंग्रजी स्टार हे खरोखर एका मुळाचे. आयर्लंडमध्ये तारा नावाची प्रसिद्ध टेकडी आहे, तिचा यांच्याशी संबंध नाही. फारसी रोशन आणि आपला रुच् धातू हे नातेवाईक आहेत.

एकच नाव वेश बदलून फिरतं तेही बघण्यासारखं. हिब्रू योसेफ, 'तो वाढवेल', हा अरबीत युसूफ, इंग्रजीत जोसेफ आणि कोकणीत जुझे. सिकंदर म्हणजे ग्रीक अलेक्झांड्रोस, माणसांचा रक्षक. अरबांनी सुरुवातीचा 'अल' हा आपलाच निर्देशक समजून वेगळा काढला आणि उरला इस्कंदर.

टप्पा ७: अर्थ आणि कारण वेगळ्या ओळीत लिहा

धोंडू म्हणजे धोंडा, दगड. अर्थ संपला. पण आईने मुलाला दगड का म्हटलं? आधीची मुलं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये, मृत्यूला त्याचा हेवा वाटू नये म्हणून मुद्दाम नकोसं नाव ठेवायचे: धोंडू, दगडू, केरू. भिकाजीही त्यातलाच, देवाकडे पदर पसरून मागितलेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जुन्या घरांत एखादा तरी भिकाजी सापडतो, आणि आजची पोरं आजोबांचं नाव सांगताना पुटपुटतात. कारण कळलं की पुटपुटायचं काही उरत नाही.

हे कारण कोणत्याच कोशात मिळणार नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि लवकर विचारा. प्रश्न 'अर्थ काय?' असा नको. 'तेव्हा घरात काय चाललं होतं?' असं विचारा. मग गोष्ट निघते.

टप्पा ८: नोंद

जन्माची नोंद नावाशिवायही होते. नाव नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे बाराव्या दिवशी घाबरून काहीतरी ठेवायची गरज नाही. जाताना नाव एका कागदावर देवनागरीत आणि रोमनमध्ये स्वतःच्या हाताने, सुट्या अक्षरांत लिहून न्या. तोंडी सांगू नका. दाखला छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा, प्रत्येक वेलांटी बघा.

आमच्या घरात हे एकदा राहून गेलं. नाव ठरलं होतं सलिल, म्हणजे पाणी. खाडीकाठचं घर, नाव मीच सुचवलेलं. दाखल्यावर वेलांटी दीर्घ पडली आणि सलील झालं. संस्कृतात सलील म्हणजे लीलेसकट, खेळकर, खोडकर. दुरुस्तीसाठी दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या वेळी मुलगाही सोबत होता, तेव्हा तीन वर्षांचा. मी अर्ज भरेपर्यंत त्याने टेबलावरचा शाईचा पॅड स्वतःच्या तोंडाला लावला होता. अर्ज मी खिशात घातला आणि त्याला घेऊन घरी आलो. दाखल्यावर अजून सलीलच आहे.